तेलाचा लाल दिवा लागला, तर...

मोटारीच्या डॅशबोर्डवर अनेक दिवे असतात. त्यांतील बहुतेकांकडे दोन-चार दिवस दुर्लक्ष झाले, तरी फारसे बिघडत नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा मात्र याला अपवाद आहे. चोचीतून थेंब गळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तेलाच्या झारीचे हे चिन्ह (अनेकांना ते अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखे वाटते) धावत्या मोटारीत पेटले, की चालकाच्या हाती निर्णयासाठी काही सेकंदच उरतात. तेवढ्या अवधीत इंजिन बंद केले, तर दुरुस्ती बहुधा काहीशे किंवा काही हजार रुपयांत आटोपते. 'गॅरेज जवळच आहे, तेवढे अंतर जाऊन पाहू' असा विचार केला, तर तीच मोटार पूर्ण इंजिनकामासाठी आठवडाभर उभी राहते आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकते.

या दिव्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे तो तेलाची पातळी दाखवतो हा होय. तसे नाही. पातळी दाखवण्याचे काम डिपस्टिकचे. काही मोटारींत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो. लाल दिवा तेलाच्या दाबाशी जोडलेला असतो. तेल कमी झाल्यामुळे जेव्हा हा दिवा लागतो, तेव्हा पंप तेलाऐवजी हवा ओढू लागलेला असतो. म्हणजे इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो. उलट चेंबरमध्ये तेल अगदी काठोकाठ असूनही दाब शून्य असू शकतो. 'परवाच तेल पाहिले होते, भरपूर होते' हे उत्तर म्हणूनच अशा वेळी कामाचे नसते.

दाब कुठून येतो?

इंजिनाच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये, तीन ते पाच लिटर तेल साठलेले असते. त्यात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर चालणारा पंप या जाळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळून घेतो आणि इंजिनाच्या ठोकळ्यात कोरलेल्या वाटांनी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत, कनेक्टिंग रॉडपर्यंत आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. तेथून ते ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढचे सारे निदान त्यावर उभे आहे. पंप दाब निर्माण करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. प्रत्येक फेरीला ठरावीक तेल तो पुढे लोटतो आणि त्या तेलाला बेअरिंगच्या अरुंद फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. बागेतील नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून दाब घटण्याची कारणे तीनच ठिकाणी शोधायची असतात : पंपापर्यंत तेल पोचत नाही, पंप ते पुरेसे ढकलत नाही, किंवा पुढच्या फटी इतक्या रुंद झाल्या अथवा तेल इतके पातळ झाले की अडथळाच उरला नाही. चौथी शक्यता दाब ठीक असून दिवाच खोटे बोलतो आहे, ही.

या फटी किती बारीक असतात, याची कल्पना सहसा नसते. चांगल्या स्थितीतील इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधील फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. त्यातून वाहून जाणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०३ वरून ०.०६ मिलिमीटर झाली, तर तेवढ्याच दाबाला गळती दुपटीने न वाढता आठपट होते. झिजलेल्या इंजिनात दाब हळूहळू कमी होत जाऊन एके दिवशी अचानक कोसळल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या गणितात आहे.

शाफ्टला बेअरिंगपासून दूर ठेवते ते मात्र पंपाचे बळ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १८८३ मध्ये ब्रिटिश अभियंता बोशां टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत असताना त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूस तेलासाठी एक भोक पाडले. शाफ्ट फिरू लागताच तेल त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी मारली, तीही बाहेर फेकली गेली. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला आपल्याखाली पाचरीसारखे ओढून घेतो आणि त्या पाचरीत प्रचंड दाब तयार होतो, हे त्यातून दिसले. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. आजच्या इंजिनातही भार पेलते ती हीच तेलाची पाचर. पंपाचे काम त्या पाचरीला सतत ताजे, थंड तेल पुरवण्याचे. ३००० फेऱ्यांना ४५ मिलिमीटर व्यासाच्या क्रँकपिनचा पृष्ठभाग ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने घासत असतो. पुरवठा थांबला की पाचर विरते, धातूला धातू भिडतो आणि बेअरिंगचा मऊ थर वितळू लागतो. मेकॅनिक ज्याला 'बेअरिंग मारले' म्हणतात ते हेच आणि त्यापुढची पायरी म्हणजे इंजिन सीझ होणे.

दिवा काय सांगत नाही

दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपच्या डॅशबोर्डवर वेगमापकाभोवती चार लहान मीटर होते आणि त्यांतील एक तेलाच्या दाबाचा होता. काटा नेहमीपेक्षा खाली दिसला की चालक सावध होई. पुढे मोटारी घरगुती वापराच्या झाल्या आणि उत्पादकांनी मीटर काढून दिवा बसवला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही दिवाच होता आणि आजच्या बहुतेक मोटारींतही तोच आहे. खर्च वाचला, परंतु माहितीही गेली.

दिव्याला जोडलेला स्विच साधारणपणे ०.३ ते ०.५ बार दाबाला काम करतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३० किंवा ३२ हवा भरतो ती सुमारे २ बार असते, त्यावरून हा दाब किती क्षुल्लक आहे, हे लक्षात यावे. गरम इंजिन संथ फिरत असताना १ बारच्या आसपास आणि ३००० फेऱ्यांना ३ ते ४ बार दाब अनेक लहान पेट्रोल इंजिनांत अपेक्षित असतो. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना हा दाब घसरून १ बारवर आला, तरी तो इंजिनाला धोकादायक असूनही दिवा विझलेलाच राहील. म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ सारे आलबेल आहे असा होत नाही. दिवा लागला याचा अर्थ मात्र परिस्थिती हाताबाहेर गेली असा घ्यायचा असतो.

रस्त्यावर असताना

दिवा लागताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, धोक्याचे चारही दिवे लावावेत आणि गाडीच्या उरलेल्या वेगावर डावीकडे सुरक्षित जागी यावे. थांबताच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण उलटी फिरवून स्टिअरिंग लॉक होऊ देऊ नये. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकलाही काही दाबांनंतर जास्त जोर लावावा लागतो, याचे भान ठेवावे. एसी लावण्यासाठी किंवा 'आता दिवा जातो का पाहू' म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा.

पाच-दहा मिनिटांनी, गाडी सपाट जागी असल्यास, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. गाडीखाली तेलाचा ओघळ आहे का, हेही वाकून पाहावे. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल आणि मोठी गळती दिसत नसेल, तर योग्य प्रतीचे तेल भरून इंजिन सुरू करता येते. दिवा चार-पाच सेकंदांत विझला आणि इंजिनातून कोणताही नवा आवाज येत नसेल, तरच संथपणे गॅरेज गाठावे. पातळी ठीक असताना दिवा लागला असेल, तर रस्त्यावर करण्यासारखे काही उरत नाही. गाडी टोइंग करूनच न्यावी. टोइंगचा खर्च अनेकांच्या जिवावर येतो. पण अर्ध्या इंजिनकामाच्या तुलनेत तो काहीच नसतो.

आवाजाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरते. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटला तेल कमी पडत असल्याची खूण असते. खालून येणारी, वेगाबरोबर वाढणारी जड ठकठक ऐकू आली, तर बेअरिंग गेलेले असण्याचीच शक्यता अधिक.

दिवा केव्हा लागतो, हे सांगा

गॅरेजमध्ये गेल्यावर 'दिवा लागतो' एवढेच सांगून भागत नाही. तो कोणत्या प्रसंगी लागतो, यात निम्मे निदान दडलेले असते. सिग्नलवर, गरम इंजिन संथ फिरत असताना तो लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझतो, तर झिजलेली बेअरिंग, थकलेला पंप किंवा पातळ झालेले तेल यांपैकी काहीतरी असते. संथ गतीला पंप कमी तेल ढकलतो आणि गरम तेल पातळ असते, त्यामुळे कमकुवत इंजिनाचे पितळ तेथेच उघडे पडते. याउलट सिग्नलवर दिवा विझलेला असतो आणि महामार्गावर वेग घेतल्यावर लागतो, तर संशय जाळीवर घ्यावा. पंपाची तहान वाढते आणि तुंबलेली जाळी ती भागवू शकत नाही. घाटातील वळणांवर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर क्षणभर दिवा चमकला, तर तेल कमी आहे आणि ते एका बाजूला लोटले गेल्याने नळीचे तोंड उघडे पडते आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दिवा विझायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागत असेल, तर फिल्टरमधील तेल रात्रभर धरून ठेवणारी रबरी झडप निकामी आहे. स्वस्त, बनावट फिल्टरमध्ये ही तक्रार नेहमीची.

आणि दिवा सर्व्हिसिंगनंतर लगेच लागला असेल, तर दुसरीकडे कुठे पाहण्याआधी सर्व्हिसिंगच पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर आवळला जातो आणि दोन रिंगांच्या मधून तेल उडू लागते. ड्रेन बोल्टचा वॉशर बदलायचा राहतो. चुकीच्या क्रमांकाचा फिल्टर बसवला जातो. या चुका घाईच्या असतात आणि तेथल्या तेथे दुरुस्त होतात, परंतु त्यांना सापडेपर्यंतच्या दहा किलोमीटरांत इंजिन जाऊ शकते.

आधी मोजा, मग खोला

आपल्याकडील गॅरेजमध्ये सर्वाधिक हेळसांड होते ती या टप्प्यावर. दिवा लागला म्हणून आधी स्विच बदलला जातो, मग फिल्टर, मग तेल, मग पंप. प्रत्येक वेळी 'आता बघा' असे सांगून गाडी परत दिली जाते आणि दरम्यान इंजिन झिजत राहते. वस्तुतः पहिली पायरी एकच असायला हवी. स्विच काढून त्याच्या जागी काट्याचा साधा प्रेशर गेज बसवावा आणि दाब मोजावा. जपानी पद्धतीच्या अनेक इंजिनांत या जागेला १/८ इंची निमुळते आटे असतात, युरोपीय इंजिनांत बहुधा १० मिलिमीटरचे. त्यानुसार जोडणी लागते. कामाला अर्धा तास पुरतो.

मोजणी थंड इंजिनावर करून समाधान मानू नये. थंड तेल दाट असते आणि झिजलेल्या इंजिनातही ते चांगला आकडा दाखवते. पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत इंजिन तापू द्यावे, मग संथ गतीला, २००० फेऱ्यांना आणि ३००० फेऱ्यांना काटा पाहावा आणि तो त्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडावा. गेजवर दाब पुरेसा आहे आणि तरी दिवा लागतो, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. काहीशे रुपयांत काम संपते. स्विचच्या तोंडातून तेल झिरपून वायरच्या टोपीत साठणे, हेही या खोट्या इशाऱ्याचे नेहमीचे कारण आहे. जुन्या मोटारींत स्विचची वायर काढल्यावरही दिवा पेटलेला राहिला, तर वायर कुठेतरी इंजिनाच्या अंगाला टेकली आहे असे समजावे. नव्या मोटारींत मात्र स्विच आणि दिवा यांच्यामध्ये संगणक असतो, काहींत पंपाचा दाबही तोच कमी-जास्त करतो. तेथे ही वायरची चाचणी विश्वासार्ह नाही. स्कॅनर लावून नोंदी पाहाव्या लागतात, तरीही काट्याच्या गेजला पर्याय नाही.

चेंबर : आपल्या रस्त्यांचे देणे

गेजने दाब खरोखर कमी असल्याचे दाखवले, तर आपल्या शहरांत सर्वांत आधी गाडीखाली जाऊन चेंबर पाहणे शहाणपणाचे ठरते. बेकायदा उंचीचे गतिरोधक, खड्ड्यांतून वर आलेले दगड, पावसाळ्यात पाण्याखाली दिसेनासे झालेले कडे यांच्यावर चेंबर आपटतो. अॅल्युमिनियमचा असेल, तर तडकतो आणि तेल वाहून जाते. ते निदान दिसते तरी. पत्र्याचा चेंबर फुटत नाही, तो नुसता आत दबतो. बाहेर तेलाचा थेंब नसतो, डिपस्टिक व्यवस्थित पातळी दाखवते, चालक निर्धास्त राहतो. आत मात्र दबलेला पत्रा जाळीच्या तोंडाला जवळजवळ टेकलेला असतो आणि पंपाला तेल मिळत नाही. 'परवा गाडी खाली लागली होती' ही गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तो आपणहून विचारेलच असे नाही.

विम्याचा मुद्दाही येथेच येतो. नेहमीच्या मोटार विम्यात अपघाताने फुटलेल्या चेंबरची भरपाई मिळते; परंतु त्यानंतर तेल नसताना गाडी चालवल्याने इंजिन गेले, तर ते नुकसान अपघाताचा परिणाम म्हणून वगळले जाते. इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र पूरक कलम घेतलेले असेल, तरच त्याचा विचार होतो आणि तेथेही दिवा लागल्यावर चालकाने गाडी थांबवली होती की नाही, याची चौकशी होते. खाली आपटल्यावर दिवा लागला, तर इंजिन पुन्हा सुरू न करता छायाचित्रे काढून ठेवणे आणि विमा कंपनीला कळवणे हे त्यामुळे दुहेरी फायद्याचे आहे.

चेंबर उतरवला की आणखी एक गोष्ट दिसते. आधीच्या दुरुस्तीत कडेला सढळ हाताने लावलेले सीलंट आतल्या बाजूस ओघळून सुकते, त्याचे तुकडे तुटतात आणि जाळीवर येऊन बसतात. गळती थांबवण्यासाठी केलेली दुरुस्ती अशा रीतीने दाब घटवते. वेळेवर न बदललेल्या तेलाचा काळा गाळही तेथेच जमतो. १९९७ ते २००२ या काळातील २.२ लिटर आणि ३ लिटरच्या काही इंजिनांत असा गाळ साचल्याच्या तक्रारी आल्यानंतर टोयोटाला २००२ मध्ये अमेरिकेत सुमारे ३३ लाख मोटारींसाठी खास दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली होती. तेव्हा हा दोष केवळ आपल्या गॅरेजांचा मानण्याचे कारण नाही. जाळी काढून धुणे आणि नळीच्या जोडावरील रबरी रिंग बदलणे हे काम स्वस्त आहे. ती रिंग फाटलेली असेल, तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. अनेकदा सारे बदलून झाल्यावर दोष तिच्यात सापडतो.

गाळ काढण्यासाठी इंजिनात 'फ्लश' ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फार गाळ असलेल्या जुन्या इंजिनात तो घातक ठरू शकतो, कारण सुटलेला गाळ थेट जाळीकडेच जातो. चेंबर उतरवून हाताने साफ करणे कष्टाचे, पण खात्रीचे.

तेलच बिघडले असेल तर

तेलाच्या डब्यावर ५ डब्ल्यू ३० किंवा १५ डब्ल्यू ४० असे जे आकडे असतात, त्यांतील दुसरा आकडा गरम इंजिनातील दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० क्रमांकाच्या तेलाची १२.५ ते १६.३. चाळीस अंशांच्या तेलापेक्षा शंभर अंशांचे तेल सुमारे सहापट पातळ असते. मे महिन्यात, एसी लावून, वाहतूक कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीत दाब कमी होणे यामुळे स्वाभाविक आहे. तो इतका कमी होऊ नये की दिवा लागावा.

तेल आणखी दोन प्रकारे पातळ होते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या पेट्रोल मोटारीत न जळलेले पेट्रोल चेंबरमध्ये उतरते. भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल मोटारींत धुराड्यातील काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारले जाते. गाडी शहरातच फिरत राहिली आणि ही साफसफाई अर्धवट राहिली, तर ते डिझेल तेलात मिसळते. अशा वेळी डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढते. तेल आपोआप वाढल्याचे पाहून खूश होणारे मालक आहेत, त्यांनी डिपस्टिकचा वास घ्यावा. तेल चहासारखे दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय ते इंजिन सुरू करू नये. पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीला तर हा नियम कटाक्षाने लागू आहे.

दिवा विझवण्यासाठी २० डब्ल्यू ५० सारखे दाट तेल भरण्याचा उपाय सर्वश्रुत आहे आणि तो 'काम करतो' हेच त्यातील संकट आहे. दाट तेलाने काटा वर जातो, परंतु झिजलेली फट तशीच राहते. लाखाच्या वर किलोमीटर धावलेल्या जुन्या इंजिनात पुस्तिकेने परवानगी दिलेल्या मर्यादेत ३० ऐवजी ४० क्रमांकाचे तेल वापरणे समजण्यासारखे आहे. त्याने वर्ष-दोन वर्षे निघतातही. ० डब्ल्यू १६ किंवा ० डब्ल्यू २० साठी बनवलेल्या आजच्या इंजिनांत मात्र झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. तिच्या बारीक वाटांतून दाट तेल वेळेवर पोचत नाही. विक्री करण्यापूर्वी दाट तेल भरलेली गाडी आणि दुरुस्त केलेली गाडी यांतला फरक खरेदीदाराला कळत नाही, हे वेगळेच.

पंप आणि बेअरिंग

जाळी स्वच्छ, तेल योग्य, फिल्टर चांगला आणि तरीही दाब कमी, म्हणजे मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी लागते. त्यातल्या त्यात बरी शक्यता पंपाच्या दाब-मर्यादक झडपेची. हिचे काम जादा दाब सोडून देण्याचे. तिच्यात कचरा अडकून ती उघडी राहिली, तर सारे तेल परस्पर चेंबरमध्ये परतते. ती साफ करता येते. पंपाच्या दात्यांतील फटी फीलर गेजने मोजता येतात; पंप झिजला असेल, तर तो बदलणेच श्रेयस्कर.

जुना फिल्टर फेकून देण्याआधी तो कापून पाहावा, ही सूचना फार थोडे मेकॅनिक अमलात आणतात. कागदाच्या घड्यांत चकाकणारे कण दिसले, तर त्यांवरून लोहचुंबक फिरवावा. न चिकटणारे चंदेरी आणि तांबूस कण बेअरिंगचे असतात. तांबूस रंग दिसला म्हणजे बेअरिंगचा वरचा थर संपून आतील तांबे उघडे पडले आहे. अशा वेळी नुसती नवी बेअरिंग आत सारून गाडी परत देणारे गॅरेज टाळावे. क्रँकशाफ्ट मायक्रोमीटरने मोजला पाहिजे. त्यावर ओरखडे असतील, तर तो ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग बसवावी लागतात आणि फट प्लॅस्टिगेजच्या तुकड्याने तपासावी लागते. पंप, ऑइल कूलर आणि तेलाच्या वाटाही धुतल्या गेल्या पाहिजेत. अन्यथा जुन्या बेअरिंगचे कण नव्या बेअरिंगमध्ये जातात. काही आधुनिक इंजिनांच्या बाबतीत उत्पादक क्रँकशाफ्ट ग्राइंड करण्यास परवानगीच देत नाहीत, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अलीकडच्या काही लहान टर्बो इंजिनांनी एक नवेच कारण आणले आहे. त्यांत टायमिंग बेल्ट किंवा पंप चालवणारा बेल्ट तेलातच फिरतो. चुकीच्या प्रतीचे किंवा पेट्रोल मिसळलेले तेल बेल्टचे रबर खाते आणि त्याचा चुरा जाळीत जातो. पंपाचा बेल्टच निकामी झाला, तर दाब क्षणात शून्यावर येतो. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत १ लिटर इंजिनाच्या सुमारे १ लाख ३९ हजार फोकस आणि इकोस्पोर्ट मोटारी तेलपंपाच्या बेल्टचा ताण राखणारा भाग तुटण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. त्या बाजारातील इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यात बनल्या होत्या. तेलात फिरणारा बेल्ट असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पुस्तिकेतच नमूद केलेल्या प्रतीचे तेल वापरावे आणि बेल्ट बदलण्याची मुदत किलोमीटर व वर्षे यांपैकी जे आधी संपेल त्यानुसार पाळावी.

जुनी गाडी घेताना

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात या दिव्याबाबत हातचलाखी होते. दिव्याची वायर तोडली जाते किंवा ती बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडली जाते. मग इंजिन सुरू होताच दोन्ही दिवे एकदम आज्ञाधारकपणे विझतात. खरेदीपूर्वी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, तेलाचा लाल दिवा पेटतो का ते पाहावे. ज्या मोटारींत तो किल्लीबरोबर पेटायला हवा, तेथे तो पेटलाच नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पेटला, तर इंजिन सुरू झाल्यावर तो दोन-तीन सेकंदांत विझायला हवा आणि चार्जिंगचा दिवा व तो नेमके एकाच क्षणी विझत असतील, तर बॉनेट उघडून स्विचवरील वायर जागेवर आहे ना, याची खात्री करावी. मालक 'गाडी तापवून ठेवली आहे' म्हणत असेल, तर अर्धा तास शहरातून फिरवून आणावी, एसी लावून पाच मिनिटे संथ गतीला उभी करावी आणि त्या दिव्यावर नजर ठेवावी. शंका राहिलीच, तर विश्वासातील मेकॅनिककडे नेऊन गेज लावण्याची अट घालावी. दाब मोजू देण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नये.